हर्मीसचा दंड आणि कुंडलिनी

ग्रीक पुराणकथांतील देवांचा दूत हर्मीस याच्या हातातील, दोन सर्पांचा वेढा असलेला दंड. ग्रीक नाव केरिकेयॉन, लॅटिन कॅड्यूसियस. आधुनिक गूढवादी या दंडाला सुषुम्ना (योगशास्त्रातील कण्यामधली मधली नाडी), दोन सर्पांना तिच्या दोन बाजूंच्या नाड्या इडा व पिंगला, तर टोकाच्या पंखांना भुवयांमधले दोन पाकळ्यांचे आज्ञाचक्र (चक्र म्हणजे देहातील शक्तिकेंद्र) मानतात. वैद्यकाचे चिन्ह असलेला, वैद्यकाचा ग्रीक देव अस्क्लेपियस याचा दंड वेगळा. त्यावर एकच सर्प असतो, पंख नसतात.

होमरच्या नावावर असलेल्या हर्मीसस्तोत्रात तान्हा हर्मीस कासवाच्या पाठीपासून सात तारांचे वाद्य बनवतो आणि ते अपोलो या देवाला देऊन टाकतो. पुढे मैत्री जुळल्यावर अपोलो त्याला सोन्याचा, तीन फाट्यांचा दंड देतो. सात तारा पाहून सात चक्रे आठवणे साहजिक आहे, पण स्तोत्रात तसा कोणताही संकेत नाही आणि या दंडावर सर्पही नाहीत. सर्पांची कथा लॅटिन लेखक हायजिनस सांगतो: आर्केडियात दोन सर्प झुंजत होते, हर्मीसने मध्ये दंड घातला, ते विलग झाले, म्हणून तो शांततेची खूण ठरला. ‘ओडिसी’च्या 24व्या सर्गात याच दंडाने हर्मीस मृतांचे आत्मे पाताळात नेतो. त्याच्या स्पर्शाने तो माणसांना झोपवतो, झोपलेल्यांना उठवतोही.

इ. स. पूर्व पाचव्या शतकातील मृत्पात्रांवरची चित्रे नीट पाहावीत. तिथे बारीक काठीच्या टोकाशी फक्त, वरून उघडा राहिलेला इंग्रजी आठचा आकडा दिसतो. सर्प काठीला खालपासून वेढे घालत वर चढतात आणि चक्रांच्या जागी एकमेकांना छेदतात, ही रचना तिथे नाही, पंखही नंतरचे. दंडाला विळखा घातलेली सर्पांची जोडी मात्र फार जुनी आहे: मेसोपोटेमियातील गुदेआ राजाच्या, इ. स. पूर्व सुमारे 2100 च्या दगडी पात्रावर ती कोरलेली असून ते पात्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

चक्रांशी सांगड घातली गेली ती अलीकडे. न्यूयॉर्कमध्ये 1875 मध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेच्या वर्तुळात पौर्वात्य व ग्रीक प्रतीके शेजारी ठेवून वाचली जाऊ लागली. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपण’ या 1577 च्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1919 मध्ये आर्थर ॲव्हलॉन या नावाने प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वाचकांना चक्रांचा तपशील मिळाला. याच सोसायटीचे सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी 1927 च्या चक्रांवरील पुस्तकात हर्मीसच्या दंडाचे साम्य मांडले.

साम्य डोळ्यांत भरणारे असले तरी एक सांधा जुळत नाही, आणि तो महत्त्वाचा आहे. योगशास्त्रात सर्पिणी, म्हणजे कुंडलिनी ही देहातील सुप्त शक्ती, एकच, आणि ती मधल्या वाटेने चढते. इडा-पिंगला या चंद्र-सूर्याच्या नाड्या आहेत. दंडावर सर्प बाहेर आहेत आणि मधे आहे निश्चल काठी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात (शके 1212) कुंडलिनी कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिल्लासारखी, औट म्हणजे साडेतीन वळणांनी, तोंड खाली करून निजलेली आहे. वज्रासनाच्या दाबाने ती जागी होते, भुकेने देहातील मांसाचे घास घेते, पृथ्वी व जल ही दोन्ही तत्त्वे गिळून तृप्त होते आणि मग सुषुम्नेपाशी शांत होते. त्यानंतर योग्याची कांती नव्याने उजळते.