चकमकीची बंदूक आणि असईचं रणांगण

१७४६ साली मद्रासजवळ, अड्यार नदीच्या काठी, अर्काटच्या नवाबाचं जवळपास दहा हजारांचं सैन्य उभं होतं. समोर होते काही शे फ्रेंच सैनिक आणि त्यांनी कवायत शिकवलेले देशी शिपाई. फ्रेंच नदी ओलांडून चालून आले, बंदुकांच्या फैरी झाडल्या आणि नवाबाची फौज उधळली गेली. पुढच्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानातल्या लढाईचा सगळा बाजच पालटला.

‘युरोपियनांची हत्यारं आधुनिक होती’ असं आपण सहज म्हणून टाकतो. मला हे उत्तर अपुरं वाटतं. कारण त्यांच्या बंदुकीचा नेम आपल्या तोड्याच्या बंदुकीपेक्षा सरस नव्हताच. आपल्याकडच्या कित्येक बंदुका लांब नळीच्या, जाड घडणीच्या होत्या आणि त्यांचा पल्ला जास्त होता.

मग फरक कशात होता? बार पेटवण्याच्या पद्धतीत. तोड्याच्या बंदुकीला धुमसती वात लागते. पेटता तोडा हातात आणि दारू अंगावर, अशा अवस्थेत शेजाऱ्याला खेटून उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय पावसात तोडा विझतो आणि रात्री त्याचा निखारा शत्रूला दुरून दिसतो. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या चिमट्यात गारेचा, म्हणजे चकमकीच्या दगडाचा, तुकडा बसवलेला असतो. चाप ओढला की गार पोलादी पट्टीवर आदळते, पट्टी पुढे उलटते, खालची रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, उघडी पडते आणि ठिणग्या थेट तिच्यावर झडतात. रंजकेची ज्वाळा कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, आत शिरते आणि बार उडतो. उघडा विस्तव कुठेच नाही. त्यामुळे माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहू शकली, आणि माझ्या मते खरी क्रांती हीच.

या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. इंग्रजी बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, तर शिशाची गोळी साधारण साडेसतरा. ही फट मुद्दाम ठेवलेली असायची, कारण चार बार झाले की नळीत काजळी साचते आणि घट्ट गोळी गजाने ठासायला वेळ लागतो. पण त्याच फटीमुळे गोळी नळीत आपटत, भलतीच फिरकी घेत बाहेर पडे. शंभर मीटरपलीकडे एका माणसाचा नेम धरण्यात फारसा अर्थ नव्हता. म्हणून नेम सोडून रांगेवर भर दिला गेला. एका शिपायाला साधारण ६० सेंटिमीटर जागा लागते, घोडेस्वाराला मीटरभर. तीन रांगा एकामागे एक उभ्या केल्या की दौडत येणाऱ्या एका स्वारासमोर पाच बंदुका येतात.

तेवढ्यानेही भागत नाही. भरधाव घोडा शंभर मीटर नऊ-दहा सेकंदांत कापतो आणि तरबेज शिपायालाही बंदूक पुन्हा भरायला वीसेक सेकंद लागतात. म्हणजे फैर एकच! उरलेलं काम संगिनीचं. आधीची संगीन नळीच्या तोंडात खोचावी लागे, म्हणजे गोळी झाडायची सोयच बंद. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती नळीवर बाहेरून चढवायच्या कड्याची झाली. आता तीच बंदूक भालाही झाली, आणि समोर टोकांची भिंत दिसली की घोडा सहसा तिच्यात घुसत नाही. अट एकच: माणसांनी जागा सोडता कामा नये. त्यासाठी महिनोन्महिने कवायत हवी आणि वेळेवर पगार हवा.

महादजी शिंद्यांनी हे नेमकं ओळखलं. १७८४ मध्ये त्यांनी युरोपातल्या सव्हॉयच्या द बॉइन्य या लष्करी अधिकाऱ्याला चाकरीत घेतलं. त्याच्या पलटणींच्या पगारासाठी दोआबातला मुलूख लावून दिला. या पलटणींनी १७९० मध्ये राजस्थानात पाटण आणि मेडत्याला राजपुतांचा पराभव केला. राठोडांचं घोडदळ शौर्यात कुणाला हार जाणारं नव्हतं, तरीही.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईला दोन कवायती फौजा समोरासमोर आल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती वेलस्ली याने नदी उतरून बगलेवर घाला घालायचा बेत केला होता, पण महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या पलटणींनी अख्खी रांग वळवून त्याच्यासमोर आणली. हे काम कसलेल्या फौजेचंच. शिंद्यांच्या तोफांनी तर कहर केला. गोळ्या भरलेला पत्र्याचा डबा तोफेतून सुटला की तोंडाशीच फुटतो आणि दाट रांगेत एकदम खिंडार पाडतो. जो दाटपणा घोडदळाविरुद्ध ताकद होता, तोच इथे इंग्रजांचा घात करत होता. शिंद्यांचे गोलंदाज तोफांशेजारीच संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याने ९८ तोफा जिंकल्या आणि त्या उत्तम दर्जाच्या असल्याचं स्वतः मान्य केलं.

तेव्हा असईला आपण हत्यारांत कमी पडलो, असं म्हणता येत नाही. कमी पडलं ते हत्यारांभोवतीचं. वरचे अंमलदार परके होते. लढाई तोंडावर असताना कंपनीने त्यांतल्या ब्रिटिशांना जाहीरनामा काढून आपल्याकडे बोलावलं आणि बरेच जण निघून गेले. उत्तरेत शिंद्यांचा मुख्य सेनानी, फ्रेंच पेरॉन याने त्याच सप्टेंबरात चाकरी सोडली. शिंदे आणि त्यांचे साथीदार नागपूरकर भोसले यांचं मोठं घोडदळ असईला बहुतांशी बघत राहिलं. पायदळ, तोफा आणि घोडदळ एका हुकमाखाली आणणारा माणूस तिथे नव्हता. महादजी १७९४ मध्येच गेले होते.

खांद्याला खांदा लावून लढण्याचे दिवस संपवले ते १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी मिन्येने बनवलेल्या गोळीने. ही गोळी बुडाशी पोकळ होती. नळीत सहज सरकायची, पण बार होताच तिचं बूड फुगून नळीतल्या आट्यांत, म्हणजे आत कोरलेल्या पिळाच्या खाचांत, घट्ट बसायचं आणि ती गरगर फिरत सरळ जायची. नेमाचा पल्ला कित्येक पटींनी वाढला. दाट रांग आता सोपं लक्ष्य झाली आणि शिपाई हळूहळू खंदकात उतरला. याच जातीची एनफिल्ड रायफल हिंदुस्थानात आली ती १८५७ च्या तोंडावर, चरबी लावलेल्या काडतुसांसह.