राजकीय भाकीत

राजकीय भाकीत : निवडणूक, सत्तांतर, युद्ध, तह अशा घटनांविषयी जाणकारांनी आधीच वर्तवलेला अंदाज. असे अंदाज कितपत भरवशाचे, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी तपासले. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दोन दशके त्यांनी २८४ तज्ज्ञांची भाकिते टक्केवारीत नोंदवून घेतली आणि पुढे जे घडले त्याच्याशी ताडून पाहिली. लांब पल्ल्याच्या भाकितांत तज्ज्ञ यदृच्छेच्या फारसे पुढे नव्हते. ‘आहे तेच चालू राहील’ असले ठोकताळेही त्यांना भारी पडले. वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर गाजणाऱ्यांची कामगिरी तर आणखी बेताची. चुकल्यावर ‘थोडक्यात हुकले’ म्हणायची सोय मात्र सगळ्यांनीच ठेवली होती.

ठोकताळ्याचे बळ इंदूरमध्ये चांगले दिसते. ‘मागच्या वेळचाच पक्ष जिंकेल’ एवढे एकच वाक्य पाठ असलेला माणूस १९९१ ते २०२४ या काळात इथल्या लोकसभेच्या एकाही सार्वत्रिक निवडणुकीत चुकला नसता. २००४ मध्ये देशभरच्या बहुतेक मतदान चाचण्या भाजपप्रणीत एनडीए आघाडी सत्तेत परतणार म्हणून फसल्या, तेव्हाही इंदुरातून भाजपच्या सुमित्रा महाजन निवडून आल्याच. पण १९८९ मध्ये हा माणूस तोंडघशी पडला असता. त्या वर्षी ‘ताईं’नी, म्हणजे महाजनांनी, काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवले. नियम मोडतो तो नेमका अशा वर्षी, आणि तज्ज्ञाची गरजही तेव्हाच असते.

भाकिताला गुण देण्यासाठी हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेले माप वापरतात : वर्तवलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतील फरकाचा वर्ग. शून्य म्हणजे अचूक. सत्तर टक्के म्हटलेली गोष्ट घडली तर ०.०९, न घडली तर ०.४९. ‘लढत अटीतटीची आहे’ या लाडक्या वाक्याला मात्र कोणताच आकडा लावता येत नाही.

विचारलेल्या प्रश्नापलीकडे हे मापही पाहत नाही. २०२४ मध्ये भाजपचे शंकर लालवानी जिंकतील, असे इंदुरात कोणीही सांगितले असते आणि ते खरेही ठरले. पण २९ एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि भाजपची वाट धरली. काँग्रेसने मग ‘नोटा’चे (वरीलपैकी कोणीही नाही) बटण दाबायचे आवाहन केले. लालवानी सर्वात जवळच्या उमेदवारापेक्षा ११,७५,०९२ मते जास्त घेऊन विजयी झाले; दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हे, २,१८,६७४ मते घेऊन ‘नोटा’ होते.