मित्रांसोबत भाड्याचे घर घेताना : विद्यार्थी व पालकांसाठी माहिती

फोंडा, फर्मागुढी, ताळगाव आणि बांबोळी परिसरात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भाड्याची घरे मिळवून देण्याचे काम आमचे कार्यालय करते. तिघा-चौघांनी मिळून घर घेतले की खर्च आटोक्यात राहतो; मात्र वर्षअखेरीस आमच्यापर्यंत येणारे बहुतेक वाद भाड्याच्या रकमेवरून नव्हे, तर सुरुवातीला लिहून न ठेवलेल्या गोष्टींवरून झालेले असतात. त्यामुळे पुढील बाबी किल्ली हाती घेण्यापूर्वीच पाहाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे ११ महिन्यांचा करार करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. मुदत कितीही असो, करारावर राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि सही असावी. एकाच्याच नावावर करार असेल आणि इतरांनी मध्येच घर सोडले, तर घरमालक संपूर्ण भाडे त्या एकाकडेच मागू शकतो. सोडून जाणाऱ्याने किती दिवस आधी कळवायचे, नवा सोबती मिळेपर्यंत त्याच्या वाट्याचे भाडे कोणी भरायचे आणि अनामत रकमेत कोणाचे किती पैसे आहेत, हे आपसांतही कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. मैत्री जुनी असली तरी हा कागद करावाच. परीक्षा संपल्यानंतर घर रिकामे राहते, त्या मे महिन्याच्या भाड्याचाही त्यात उल्लेख असावा.

विजेच्या बिलाकडे विशेष लक्ष द्यावे. घरगुती विजेचा दर वापरानुसार टप्प्याटप्प्याने वाढतो. तळमजल्यावर घरमालक, वरच्या मजल्यावर विद्यार्थी आणि दोघांचा मीटर एकच असेल, तर एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि प्रत्येक युनिट सरासरीने महाग पडते. स्वतंत्र मीटर आहे का, उपमीटर असल्यास आकारणी कोणत्या दराने होणार, हे आधी विचारून करारात लिहून घ्यावे आणि राहायला येण्याच्या दिवशी मीटरवरील आकड्याचे छायाचित्र काढून घरमालकाला पाठवावे.

घर शक्यतो पावसाळ्यात, एखादा जोराचा पाऊस पडून गेल्यावर पाहावे. चिऱ्याच्या भिंती ओल धरतात आणि नुकताच रंग दिलेला असला तर मार्च-एप्रिलमध्ये ती दिसून येत नाही. कपाट थोडे पुढे ओढून मागची भिंत हाताने चाचपावी, गादी उलटून खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके आहेत का ते पाहावे आणि आढळलेल्या प्रत्येक दोषाचे छायाचित्र घ्यावे. ही छायाचित्रे नसतील, तर जुन्या ओलीचा खर्चही अनामत रकमेतून कापला जाण्याची शक्यता असते.

आम्हाला सर्वांत अधिक काळजी वाटते ती गॅसच्या गीझरची. बंद न्हाणीघरात असा गीझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला नसेल तर तो वापरू नये व बदलून देण्याची मागणी करावी. भाडे कमी आहे म्हणून येथे तडजोड करू नये. स्वयंपाकाच्या गॅसची नळी भेगाळलेली किंवा कडक झालेली असल्यास ती लगेच बदलून घ्यावी. गॅसगळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते. थोडाच स्वयंपाक करणाऱ्यांना ५ किलोचा लहान सिलिंडर पुरतो आणि तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्र दाखवून मिळतो.

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा अर्ज घरमालकाने भरला आहे ना, याची खात्री करून त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. ओला व सुका कचरा कोणत्या वारी उचलला जातो, हे शेजाऱ्यांना किंवा पंचायतीत विचारावे.

घरातील सामान, मीटरचा आकडा आणि भिंतींची स्थिती नोंदवण्यासाठी एक पानी तक्ता आमच्या कार्यालयात विनामूल्य मिळतो. घर आमच्यामार्फत घेतलेले नसले तरीही तो अवश्य न्यावा आणि घरमालकाच्या सहीनिशी दोन प्रतींत भरावा.