स्टेमची लांबी आणि स्टेमचा पल्ला: ट्रायल्स सायकलसाठी स्टेम निवडताना

ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता अडथळ्यांवरून सायकल नेण्याचा खेळ. या सायकलचा स्टेम, म्हणजे हँडलबारला फोर्कशी (पुढचे चाक धरणाऱ्या दुपाख्याशी) जोडणारा भाग, विकत घेताना त्याच्या वर्णनात दोन आकडे दिलेले असतात, उदाहरणार्थ 150 मिमी आणि 35 अंश. बहुतेक जण पहिल्या आकड्यावर निर्णय घेतात, कारण हँडलबार आपल्यापासून किती पुढे जाईल हे तोच सांगतो, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तो आकडा स्टेमची लांबी सांगतो, पल्ला नव्हे. साध्या माउंटन बाइकवर या दोहोंतला फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान असतो. ट्रायल्समध्ये मात्र तो इतका मोठा होतो की केवळ लांबी पाहून घेतलेला स्टेम सायकलचा स्वभावच बदलून टाकू शकतो.

लांबी मोजतात ती स्टिअररच्या, म्हणजे फोर्कच्या वर निघालेल्या नळीच्या, मध्यापासून हँडलबार बसतो त्या खोबणीच्या मध्यापर्यंत, आणि तीही स्टेमच्या तिरक्या रेषेवरून. अंश मोजतात ते स्टिअररशी काटकोन करणाऱ्या रेषेपासून, जमिनीपासून नव्हे. हेडट्यूब, म्हणजे स्टिअरर ज्यातून जातो ती फ्रेमची पुढची नळी, स्वतःच मागे झुकलेली असते. ती जमिनीशी 72 अंशांचा कोन करत असेल, तर शून्य अंशाचा स्टेमसुद्धा जमिनीच्या तुलनेत 18 अंश वर चढतो आणि 35 अंशांचा स्टेम 53 अंश चढतो. अशा तिरप्या उभ्या स्टेमची बरीचशी लांबी वर जाण्यातच खर्च होते. पुढे जाण्यासाठी उरते तो त्याचा पल्ला.

हिशेब करून पाहिला की हे नीट कळते. वरच्याच हेडट्यूबवर 150 मिमी लांबीचा आणि 35 अंशांचा स्टेम हँडलबारला सुमारे 90 मिमी पुढे आणि 120 मिमी वर नेतो. त्याच जागी 100 मिमी लांबीचा आणि 10 अंशांचा स्टेम बसवला, तर तो हँडलबारला सुमारे 88 मिमी पुढे आणि फक्त 47 मिमी वर नेतो. लांबीत 50 मिमींचा फरक असूनही पल्ल्यात फरक जेमतेम 2 मिमींचा पडतो. उंचीत मात्र तो 70 मिमींहून अधिक आहे. ‘लांब स्टेम लावला की अंग पुढे ओढले जाते’ हे रस्त्यावरच्या सायकलींवरून शिकलेले सूत्र ट्रायल्समध्ये कोलमडते ते याच कारणाने. इथल्या लांब स्टेमची खरी कामगिरी उंची देण्याची असते.

ही उंची लागते कशासाठी, याचे उत्तर या खेळाच्या घडणीत आहे. कॅटालोनियातले मोटारसायकल ट्रायलपटू पेरे पी यांनी आपला मुलगा ओट याच्यासाठी लहान सायकल ट्रायलयोग्य करून घेतली आणि तिथून या प्रकाराने मूळ धरले. त्या वारशामुळे 20 इंची चाकांची सायकल आजही स्पर्धांमध्ये 26 इंची सायकलच्या बरोबरीने स्वतंत्र गट म्हणून टिकून आहे. या दोन चाकांच्या रिमवरील टायर बसण्याचा व्यास अनुक्रमे 406 आणि 559 मिमी आहे. टायरची जाडी सारखी धरली, तर 20 इंची चाकाचा माथा सुमारे 15 सेंटीमीटर खाली राहतो आणि फोर्कचा माथा व हेडट्यूबही त्याच्याबरोबर खाली येतात. स्वाराची उंची मात्र तीच असते. शिवाय तो सीटवर बसत नाही. स्पर्धेच्या अनेक सायकलींना सीट नसतेच. पॅडलवर ताठ उभ्या असलेल्या माणसाच्या हातांपर्यंत हँडलबार पोचवायचा, तर ही तूट स्टेम आणि उंच चढाचा (मुठी खोबणीपेक्षा बऱ्याच वर असलेला) हँडलबार या दोघांनी मिळून भरून काढावी लागते. म्हणून 20 इंची सायकलवर 150 ते 180 मिमींचे आणि 30 ते 35 अंशांचे स्टेम दिसतात, तर 26 इंची सायकलवर साधारणपणे त्याहून आखूड आणि कमी चढाचे. या आकड्यांवरून 20 इंची सायकल अधिक ‘ताणलेली’ असते असा निष्कर्ष काढणे हाच या विषयातला सर्वांत सामान्य गैरसमज आहे.

स्कॉटिश सायकलपटू डॅनी मॅकॅस्किल यांच्या 2009 मधल्या एडिनबरोतील चित्रफितीमुळे जगभर पोचलेली स्ट्रीट ट्रायल्सची, म्हणजे शहरातल्या कठड्या-पायऱ्यांवरच्या ट्रायल्सची, 24 इंची सायकल या दोहोंपेक्षा वेगळी आहे. तिच्यावर हवेत फिरणे, मागच्या चाकावर तोल सावरत लोटत जाणे असे प्रकार अधिक असल्यामुळे आखूड पल्ला सोयीचा ठरतो. स्पर्धेच्या सायकलचे आकडे तिला लावू नयेत.

पल्ला आणि उंची या दोन गोष्टी शरीराला वेगवेगळ्या ठिकाणी जाणवतात, आणि निवड करताना खरा उपयोग होतो तो याच जाणिवेचा. मागच्या चाकावर उड्या मारताना स्वाराचे हात जवळजवळ सरळ असतात आणि कंबर मागच्या चाकाच्या दिशेने गेलेली असते. पल्ला कमी पडला की हँडलबार मांड्यांच्या फार जवळ येतो, अंग हलवायला जागा उरत नाही आणि पुढचे चाक गरजेपेक्षा जास्त उचलले जाऊन सायकल मागे उलटू पाहते. पल्ला जास्त झाला की नेमके उलटे घडते: चाक उचलायला जोर लागतो, तोल मिळताच ते पुन्हा खाली ओढले जाते आणि मोठ्या झेपेत हात पूर्ण ताणले गेल्यावर पुढे ढकलायला काही शिल्लक राहत नाही.

उंचीची तक्रार पाठीकडून येते. हँडलबार खाली असेल, तर प्रत्येक उडीत कमरेतून वाकावे लागते आणि खेचण्याचा भार पायांऐवजी कमरेवर पडतो. तो फार वर असेल, तर पुढच्या चाकावर वजन देणे अवघड होते. कठड्याच्या कडेवर पुढचे चाक टेकवून त्यावर भार घेताना हे लगेच लक्षात येते. कमरेच्या दुखण्यावर उपाय म्हणून निव्वळ आखूड स्टेम घेणारे पुष्कळ जण असतात. कोन तोच ठेवून लांबी कमी केली, तर पल्ल्याबरोबर उंचीही घटते आणि दुखणे वाढण्याचीच शक्यता अधिक असते. लक्षण पल्ल्याचे आहे की उंचीचे, हे आधी ओळखल्याशिवाय स्टेम बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या सायकलवरचे खरे आकडे घरच्या घरी काढता येतात. सायकल सपाट फरशीवर पुढचे चाक सरळ ठेवून उभी करावी, हँडलबारच्या खोबणीच्या मध्यावरून ओळंबा सोडावा आणि स्टेमची मागची पकड स्टिअररला जिथे धरते तिथल्या मध्यबिंदूपासून त्या दोऱ्यापर्यंतचे आडवे अंतर टेपने मोजावे. हा पल्ला झाला. याच दोन बिंदूंच्या जमिनीपासूनच्या उंचींतला फरक म्हणजे स्टेमने दिलेली उंची. नव्या स्टेमचे आकडेही हेडट्यूबचा कोन धरून याच दोन मापांत बदलून घ्यावेत आणि मगच तुलना करावी.

तुलनेआधी हँडलबारचा झोक मात्र पक्का केलेला असावा. 80 मिमी चढाचा हँडलबार खोबणीत 10 अंश पुढे फिरवला, तर मुठी सुमारे 14 मिमी सरकतात, म्हणजे स्टेमचे एक माप बदलल्यावर पडतो त्याहून मोठा फरक निव्वळ चार बोल्ट सैल करून पडतो. हँडलबारचा चढ साधारण फोर्कच्या रेषेत ठेवून सुरुवात करणे बरे.

स्पेसरची गोष्ट थोडी निराळी आहे. स्टेमखालचे स्पेसर, म्हणजे स्टिअररवर चढवलेल्या कड्या, हँडलबारला स्टिअररच्या झुकलेल्या रेषेवरून वर नेतात, म्हणून प्रत्येक 10 मिमींमागे तो सुमारे 9.5 मिमी वर जातो आणि 3 मिमी मागे येतो. लांब स्टेम मात्र वर नेताना पुढेही नेतो. या दोन उलट्या चालींचा उपयोग करून घेता येतो. 35 अंशांचाच स्टेम ठेवून 150 ऐवजी 165 मिमींचा लावला, तर हँडलबार सुमारे 9 मिमी पुढे आणि 12 मिमी वर जातो. ज्याला केवळ पल्ला वाढवायचा आहे, त्याने त्याच वेळी स्टेमखालचे 12 मिमींचे स्पेसर काढून स्टेमच्या वर बसवावेत. तेवढ्याने उंची पूर्वीच्या जागी येते, पल्ला एकूण जवळजवळ 13 मिमींनी वाढतो आणि स्टिअरर कापावाही लागत नाही.