हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंमधले (विमानतळाचे स्थान सांगायला ठरवलेल्या बिंदूंमधले), पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. तिकिटावर मात्र वेळ छापतात ती विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंतची. त्यामुळे अंतराला या वेळेने भागून विमानाचा वेग काढायला गेले की उत्तर फसते. सांगलीकरांना जवळ पडणाऱ्या उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून मुंबईचा हिशेब मांडला की हे नीट कळते.

अक्षांश-रेखांश हाताशी असले तर अंतर कागदावरही निघते. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे २.४२ अंशांचा फरक आहे आणि रेखांशांत सुमारे १.४२ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किमी. रेखांशाचा अंश उत्तरेकडे आखडत जातो आणि आपल्या भागात तो १०६ किमीच्या आसपास भरतो. म्हणजे उत्तरेकडे २६८ आणि पश्चिमेकडे १५० किमी. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण येतो सुमारे ३०८ किमी. वैमानिकांच्या भाषेत हेच १६६ सागरी मैल, कारण एक सागरी मैल १.८५२ किमीचा. एवढ्या छोट्या पल्ल्यात पृथ्वीची गोलाई हिशेबात धरली नाही तरी बिघडत नाही. दिल्ली–लंडनला तसे चालणार नाही. कोल्हापूर–मुंबई रेल्वेमार्ग मिरज, सांगली, सातारा, पुणे असा वळसा घेत सुमारे ५१८ किमी होतो, हे शेजारी ठेवून पाहावे.

एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान वर गेल्यावर ताशी सुमारे ५०० किमी वेगाने जाते, म्हणजे ३०८ किमीला ३७ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात आकडा असतो तासाच्या आसपासचा. चाकांपुढचे ठोकळे काढले की घड्याळ सुरू होते. विमान मात्र अजून धावपट्टीकडे रांगत असते. उजळाईवाडीची धावपट्टी जवळपास पूर्व–पश्चिम आहे. पूर्वेकडे उड्डाण झाले तर आधी सांगलीच्या दिशेने तोंड, मग वळून वायव्येला. चढताना आणि उतरताना वेग कमीच असतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने वाहतूक करता येत नाही. गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. पावसाळ्यात खालच्या थरांतले पश्चिमेचे वारे जाताना तिरके समोरून येतात. या सगळ्याची जागा वेळापत्रकात आधीच धरलेली असते. म्हणूनच उशिरा सुटलेले विमानही कधीकधी वेळेवर पोचते.

थोडक्या अंतराच्या प्रवासात हवेतला वेळ हा सगळ्यांत लहान तुकडा ठरतो. सांगलीहून उजळाईवाडी रस्त्याने साधारण ५० किमी, त्यात विमान सुटण्याच्या तासभर आधी तरी खिडकीवर हजर राहायचे. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये आडवे होऊन सकाळी मुंबईत उतरणाऱ्याला हा सौदा फार मोठा वाटत नाही, आणि त्यात त्याचे चुकतेही असे नाही. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळाची जागा आहे, पण प्रवासी विमान नाही. कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली. ती सुमारे १,२८० मी. लांब असल्याने मोठ्या विमानांना तोकडी पडते. कराड ते उजळाईवाडी हवाई अंतर जेमतेम ७० किमी. एवढ्यात एटीआर धड वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरायला लागेल.