सरकारी संकेतस्थळ वापरता येत नसेल तर तक्रार कशी करायची? कोल्हापूरच्या दिव्यांगांसाठी माहिती

राजारामपुरीतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या घरी आली. जन्मापासून दिसत नाही, पण कीबोर्डवर बोटं सरसर चालतात. एका सरकारी योजनेचा अर्ज भरायचा होता, मुदत चार दिवसांवर आलेली. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. तिने नियमावलीची पीडीएफ उघडली. आवाज नुसताच "रिकामं" म्हणाला. पान बदललं, पुन्हा "रिकामं". कागद स्कॅन करून चढवलेला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी तो फक्त फोटो. दुसरी पीडीएफ बोलली, पण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा ऐकू आला. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरला कळणाऱ्या अक्षरांत नव्हती, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली होती. शेवटी चित्रातला कॅप्चा, म्हणजे बघून टाईप करायची वेडीवाकडी अक्षरं आली आणि त्याला आवाजाचा पर्यायच नव्हता. सगळं मी वाचून दाखवलं, अर्ज भरला गेला. उठताना ती म्हणाली, "सगळं तुम्हीच वाचणार, मग फॉर्म माझा कसा?"

तेव्हापासून ही माहिती मी विचारेल त्याला सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 42 प्रमाणे डिजिटल माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशी ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्यामुळे तक्रार करताना विनवणीची भाषा वापरू नका.

तक्रार कोण करू शकतं?

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. "माझं 40 टक्के भरत नाही, मग मला काय अधिकार?" असं लोक विचारतात. 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. संकेतस्थळ वापरता यावं या हक्काला ती लागू नाही. कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या टक्केवारी विचारत नाही. दीर्घकाळची कमतरता आणि तिच्यामुळे समाजात वावरताना येणारा अडथळा एवढंच ती बघते. कमी दिसणाऱ्या माणसाला फिकट राखाडी अक्षरं वाचता येत नसतील, ऐकू न येणाऱ्याला योजनेच्या व्हिडिओखाली मजकूर मिळत नसेल, हात थरथरणाऱ्याला माऊसशिवाय बटण दाबता येत नसेल, तर तेही तक्रार करू शकतात. तुमच्या वतीने घरचं माणूसही तक्रार देऊ शकतं.

आधी पुरावा गोळा करा

"साईट चालत नाही" एवढंच लिहिलेली तक्रार हमखास परत येते. उत्तर ठरलेलं असतं: "तपासले असता संकेतस्थळ सुरू आहे." त्यांच्यासाठी ते सुरूच असतं. म्हणून नेमकं लिहा. त्या मुलीच्या तक्रार अर्जात आम्ही असा मजकूर घातला होता:

"मी दृष्टिहीन असून एनव्हीडीए वापरते. अर्जाच्या दुसऱ्या पानावरील कॅप्चा केवळ चित्ररूपात आहे, आवाजाचा पर्याय नाही. नियमावलीची पीडीएफ स्कॅन केलेली असल्याने वाचता येत नाही. कृपया (1) मला नियमावली युनिकोड मजकुरात तीन दिवसांत ईमेलने द्यावी, (2) माझा अर्ज तोपर्यंत अन्य मार्गाने स्वीकारावा, (3) दोन्ही त्रुटी दुरुस्त करून कळवावे."

यातल्या पहिल्या दोन मागण्या विसरू नका. संकेतस्थळ दुरुस्त व्हायला महिने लागतील, तुमची मुदत मात्र चार दिवसांत संपेल. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांगाच्या गरजेप्रमाणे करून द्यायचा बदल, नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. ते वाक्य अर्जात घाला.

सोबत पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ, स्क्रीनशॉट, ती पीडीएफ, ब्राउझर आणि सॉफ्टवेअरचं नाव जोडा. जमलं तर मोबाईलवर मिनिटभराचं रेकॉर्डिंग करा, स्क्रीन रीडरचा आवाज येऊ द्या. दहा ओळींनी जे पटत नाही ते त्या "रिकामं, रिकामं"ने पटतं.

दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असेल तर प्रत जोडा. पहिल्या अर्जासाठी ते नसलं तरी अडत नाही, पण पुढे दिव्यांग आयुक्तांकडे जायचं झालं तर हाताशी असलेलं बरं. ते काढण्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद देऊन अर्ज करायचा आणि तपासणीला रुग्णालयात जायचं. कोल्हापुरात बहुतेकांची वाट दसरा चौकाजवळच्या सीपीआर रुग्णालयाकडेच जाते. चंदगड-आजऱ्याकडून येणाऱ्यांनी तारीख पक्की केल्याशिवाय एसटीत बसू नये, अख्खा दिवस जातो.

अर्ज कुठे द्यायचा?

पहिला अर्ज ज्यांचं संकेतस्थळ त्यांनाच. सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक साईटवर वेब माहिती व्यवस्थापकाचं नाव आणि संपर्क असायला हवा. बहुधा तळाशी किंवा "संपर्क" पानावर सापडतो. ईमेल पाठवा आणि छापील प्रत आवक-जावक टेबलावर देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. ती पोच जपून ठेवा, पुढचा प्रत्येक टप्पा तिच्यावर उभा आहे.

उत्तर आलं नाही तर राज्य सरकार, जिल्हा परिषद, महापालिका यांच्यासाठी "आपले सरकार"च्या तक्रार निवारण भागात नोंद करा. रेल्वे, टपाल, आयकर अशा केंद्राच्या खात्यांसाठी सीपीग्राम्स हे तक्रार पोर्टल आहे. तिथे तक्रार 21 दिवसांत निकाली काढावी असे केंद्राचे निर्देश आहेत. सुगम्य भारत ॲपवरूनही तक्रार जाते. नोंदणी क्रमांक लिहून ठेवा.

याच सुमारास माहिती अधिकाराचा अर्जही टाका, असा माझा आग्रह असतो. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. दोनच गोष्टी मागा: संकेतस्थळाच्या सुगम्यता तपासणीचा (साईट दिव्यांगांना वापरता येते का, याच्या तपासणीचा) शेवटचा अहवाल आणि साईट बनवणाऱ्या कंत्राटदाराला घातलेल्या सुगम्यतेच्या अटी. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्याला दिसत किंवा ऐकू येत नाही त्याला ती माहिती वापरता यावी म्हणून मदत करणं हे माहिती अधिकाऱ्यावर त्याच कायद्याच्या कलम 7(4) ने बंधनकारक आहे, तेव्हा उत्तरही युनिकोडमध्येच मागा. अहवालच नाही असं लेखी आलं, तर तो तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद.

शेवटी आयुक्त

राज्याच्या विषयासाठी दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात, केंद्राच्या विषयासाठी मुख्य आयुक्त दिल्लीत. वकील करायलाच हवा असं नाही. तक्रारीत तुमचं नाव-पत्ता, समोरच्या कार्यालयाचं नाव-पत्ता, काय, कधी, कुठे घडलं, पुरावे आणि नेमकी मागणी एवढं हवं. ईमेल चालतो, तरी प्रत स्पीड पोस्टानेही पाठवा. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि शिफारस मानायची नसेल तर कारण द्यावं लागतं.

दुरुस्ती झाल्याचं पत्र आलं तरी फाईल लगेच बंद करू नका. बऱ्याचदा साईटवर अक्षरं लहान-मोठी करायचं बटण बसवतात आणि काम झालं म्हणतात. पीडीएफ आणि कॅप्चा तसेच राहतात. त्या मुलीने पत्र मिळाल्यावर आधी एनव्हीडीए लावून तीच दोन पानं उघडली. कॅप्चाला आवाज आला होता. पीडीएफ अजून "रिकामं" म्हणत होती, म्हणून जुन्या पोचेची प्रत जोडून दुसरा अर्ज त्याच दिवशी गेला.