गेम डीलिस्ट झाला की सर्व्हर बंद झाला? दोन्ही एकच नाहीत

दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी ग्रुपवर मेसेज पडतो की अमुक गेम कायमचा चाललाय, लवकर घ्या, आणि खाली नुसती रडारड. पण चाललाय म्हणजे नक्की काय चाललंय हे कोणी विचारतच नाही. गेम स्टोअरवरून काढला, म्हणजे डीलिस्ट केला, की तो विकायचा बंद होतो. सर्व्हर, म्हणजे ऑनलाइन गेम ज्याच्या जोरावर चालतो ते कंपनीचं मशीन, बंद केला की तो चालायचाच बंद होतो. आणि गंमत म्हणजे या दोन्हीत आपण करायचं ते एकदम उलटं असतं.

आपल्याकडे तर दोन्ही बघून झालंय. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, ॲप स्टोअरवरून गेलं, पण ज्यांच्या फोनात आधीपासून होतं ती पोरं खेळतच होती, आणि मग ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतासाठी सेवाच बंद केली तेव्हा खरा संपला. नंतर जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठी काढलेला अवतार, प्ले स्टोअरवरून गायब झाला, तेव्हा परत सगळ्यांना वाटलं की संपलं, पण सर्व्हर चालू होते त्यामुळे इन्स्टॉल असलेल्यांचं काही अडलं नाही, फोन बदलला त्यांचीच पंचाईत. २०२३ च्या मे महिन्यात तो परत आला. ती भानगड सरकारी बंदीची होती, पण फरक तोच.

आता दोन गाड्यांचे गेम घ्या. फोर्झा होरायझन ४ आणि द क्रू. दोन्ही ओपन वर्ल्ड, दोन्हीत खऱ्या कंपन्यांच्या गाड्या, आणि दोन्ही डिसेंबर महिन्यातच स्टोअरवरून गेले.

फोर्झा गेला १५ डिसेंबर २०२४ ला. कारण लायसन्स. गाडीचं नाव, लोगो, रेडिओवरची गाणी, सगळं ठराविक वर्षांच्या कराराने घेतलेलं असतं आणि करार संपला की नवीन कॉपी विकता येत नाही. पण ज्याने विकत घेतलाय त्याच्या लायब्ररीत तो आहेच, आजही डाउनलोड होतो, चालतो. फसले ते गेम पासवाले, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीवर खेळणारे, तिथून तो त्याच दिवशी गेला, आणि सबस्क्रिप्शनवर खेळलेला गेम आपला नसतो हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं. पुस्तकाची आवृत्ती संपते ना, तसं समजा, कपाटातली प्रत कोणी न्यायला येत नाही. आणि असा गेम कधीकधी परतही येतो. ॲलन वेक गाण्यांच्या लायसन्समुळे मे २०१७ मध्ये गेला, जायच्या आधी ९० टक्के डिस्काउंट लावला होता, आणि २०१८ मध्ये लायसन्स परत मिळाल्यावर विक्रीला आलासुद्धा.

द क्रूचं प्रकरण वेगळं आणि खरं सांगायचं तर चीड आणणारं आहे. २०१४ चा गेम. १४ डिसेंबर २०२३ ला स्टोअरवरून काढला, तेव्हा बातमी वाचायला अगदी फोर्झासारखीच होती, पण त्यातच पुढे लिहिलेलं होतं की ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. आता या गेममध्ये एकट्याने खेळायची मोठी स्टोरी आहे, पण तीसुद्धा सर्व्हरशिवाय चालत नव्हती, तुमचा सगळा प्रोग्रेस तिकडेच सेव्ह व्हायचा. म्हणजे डिस्क आहे, इन्स्टॉल होतोय, फाइल्स सगळ्या जागेवर आहेत, आणि चालू केला की कनेक्ट होत नाही म्हणून सुरुवातीलाच बसतो. वर युबीसॉफ्टने, म्हणजे गेमच्याच कंपनीने, लोकांच्या अकाउंटमधून लायसन्सही काढून घेतलं. पैसे मोजून घेतलेला गेम हो!

यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने २०२४ मध्ये स्टॉप किलिंग गेम्स हे आंदोलन सुरू केलं, आणि युरोपातल्या त्यांच्या याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांच्या वर सह्या झाल्या. लोक इथेही घोळ घालतात, म्हणतात की कंपनीने जन्मभर सर्व्हर चालवायचे काय. तसं कोणी म्हणतच नाहीये. मागणी एवढीच की सपोर्ट बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. डीलिस्टिंग बंद करा असंही ते म्हणत नाहीत, विकायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. आणि हे जमतं, कारण ओरड झाल्यावर द क्रू २ ला युबीसॉफ्टनेच ऑफलाइन मोड दिला.

जतन करायच्या बाजूने बघितलं तर डीलिस्ट झालेल्या गेमसाठी कॉपी लागते, बस. म्हणून तारीख जाहीर झाली की घेऊन ठेवायचा, जीओजी या ऑनलाइन गेम स्टोअरवर असेल तर तिथूनच, कारण तिथला ऑफलाइन इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर ठेवला की कोणाच्या लॉगिनची गरज नाही. सर्व्हरवाल्या गेमची हार्ड डिस्कवरची कॉपी म्हणजे अर्धाच गेम, बाकीचा अर्धा कंपनीच्या मशीनवर, आणि तो आपल्याला कधी मिळालेलाच नसतो. तिथे शेवटच्या महिन्यात घाईघाईने विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे कामाचे लोक वेगळे, सर्व्हर चालू असतानाच गेम आणि सर्व्हर एकमेकांना काय पाठवतात ते रेकॉर्ड करून ठेवणारे, कारण नंतर त्यावरूनच नकली सर्व्हर लिहायचा असतो. द क्रूच्या चाहत्यांनी तो लिहिलाच, २०२५ मध्ये गेम परत चालू केला. पण इतकी खटपट प्रत्येक गेमसाठी कोण करणार?

मधलेही काही नमुने आहेत. कोनामी कंपनीचा पी.टी. हा छोटा भयपट गेम फुकट होता, एप्रिल २०१५ मध्ये प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, सर्व्हरची त्याला फारशी गरजच नव्हती, पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांचं पुन्हा डाउनलोड करणंही बंद केलं. मग तो इन्स्टॉल असलेले पीएस४ लोक अव्वाच्या सव्वा भावाने विकायला लागले. जीटीए ४ तर स्टोअरवर होता तसाच होता, पण २०१८ मध्ये गाण्यांचे १० वर्षांचे करार संपले आणि अपडेट आला, गेममधल्या व्लादिवोस्तॉक एफएम या रेडिओवरची बरीचशी गाणी घेतलेल्या कॉपीतूनसुद्धा उडाली.

त्यामुळे पुढच्या वेळी असा मेसेज आला की मूळ घोषणा उघडा आणि दोनच वाक्यं शोधा. घेतलेल्यांना पुढेही डाउनलोड करून खेळता येईल असं स्पष्ट लिहिलंय का, आणि ऑनलाइन सेवा बंद व्हायची तारीख दिलीय का. सेवा बंद व्हायची तारीख असेल तर ऑफलाइन मोडबद्दल काही म्हटलंय का तेही बघा. काहीच म्हटलं नसेल तर सेकंडहँड डिस्क स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका, ती स्वस्त का आहे ते विकणाऱ्याला चांगलं माहीत असतं.